वाल्मीकमामांची लाल गाडी

सातपूरला फिटर असलेल्या वाल्मीकमामांकडे दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार आहे. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली आणि गाडीही त्याच वाटेवर असते. तरी भाचा शेखर नवरदेव होऊन निघणार तो ह्याच गाडीतून, असा मामांचा हट्ट.

"दादा, मांडवाआधी बंद पडली ना, तर पुन्हा माझ्या दारात आणायची नाही," शेखरच्या आईनं, मंगलाताईनं, सगळ्यांदेखत बजावलं.

मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. पहिल्याच चौकात गाडीनं उचकी दिली आणि मान टाकली. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मामा, न्यूट्रल करा आणि हसत बसा," शेखर पुटपुटला आणि त्यानं मित्रांना डोळा मारला. चौघं नाचत नाचत मागं गेले आणि तालावर गाडी ढकलू लागले. बँडच्या दणक्यात इंजिन कोण ऐकतंय! वरात तरी कुठं पळत असते?

मांडवाशी मंगलाताई खुशीत म्हणाली, "दादा, काय शांत चालते रे! आता धाकट्याच्या लग्नालाही हीच."

मामांनी मागं धापा टाकणाऱ्या पोरांकडं पाहिलं.

"मंगल, धाकट्याला मित्र किती आहेत गं?"