फोन आपोआप पडतो

बारामतीत एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढं माझा नवरा दत्ता कव्हर आणि काचा विकतो, मागच्या टेबलावर मी फोन उघडून बसते. फुटका फोन घेऊन आलेलं माणूस आधी फोन देत नाही, आधी हकिगत सांगतं. आणि इतक्या वर्षांत "माझ्या हातून पडला" असं म्हणणारं गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. फोन आपोआप पडतो, आपोआप भिजतो, आपोआप गाडीखाली जातो. नीट झाला की तो घरी जातो, हकिगत मात्र आमच्याकडंच राहते. अशा पुष्कळ साठल्यात.

*

मोरगावकडच्या इंदूमावशी एकदा एसटीनं आल्या त्या मांडीवर मोठा स्टीलचा डबा घेऊनच. शेळ्यांना पाणी पाजताना त्यांचा फोन बादलीत पडला होता. भिजलेला फोन तांदळात ठेवायचा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. पण त्यांच्याकडं रोजचा तांदूळ नसतो. म्हणून त्यांनी तो बाजरीत पुरला आणि डबा तसाच उचलून आणला.

मी चिमट्यानं चार्जिंगच्या भोकातून बाजरीचे दाणे काढत बसले. पण फोन चालू झाला. मी त्यांना म्हटलं, मावशी, पाण्यातून काढल्या काढल्या बंद केलात आणि चार्जिंगला लावला नाहीत, म्हणून वाचला.

"म्हंजी बाजरीचा काय उपेग न्हाय झाला?"

नाही म्हटलं. त्यांनी जरा विचार केला आणि डबा माझ्या टेबलावर सरकवला.

"मग ऱ्हाऊ दे तुलाच. करायला तरी व्हईल."

त्या आठवड्यात आम्ही बाजरीच्याच भाकरी खाल्ल्या. इतक्या गोड भाकरी पुन्हा झाल्या नाहीत.

*

दुधाच्या प्लँटवरच्या एका सुपरवायझर साहेबांनी भारीतला फोन घेतला. याची काच फुटतच नाही, असं ते सांगायचे आणि कँटीनच्या फरशीवर टाकून दाखवायचे. एकदा आमच्या दुकानातही दाखवलं. मी म्हटलं, साहेब, सपाट फरशीवर काच सहन करते, खड्याच्या टोकावर आपटली की संपली. आणि दर वेळी बारीक चरा पडतो, तो दिसत नाही. साहेब हसले.

पुढच्या महिन्यात ते गुपचूप आले. काचेचं जाळं झालं होतं. मी विचारलं, खड्यावर पडला का?

"पडला न्हाय," साहेब म्हणाले. "मागच्या खिशात होता. मी बसलो."

*

संतोष म्हणून एक जण एमआयडीसीत कामाला आहे. फोन हेल्मेटात कानाशी खोचून बोलत बोलत मोटरसायकल चालवायची, ही त्याची सवय. एका स्पीडब्रेकरला फोन निसटून रस्त्यावर पडला आणि मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीचं चाक त्यावरून गेलं. तुकडे रुमालात बांधून नवरा-बायको दोघं दुकानात आले. मी रुमाल उघडला आणि परत बांधून दिला.

संतोष हळहळत होता. त्याची बायको शांत होती. ती मला म्हणाली, "चाकाखाली फोनच गेला ताई. ह्ये समोर उभं हायेत. मला बास हाय."

तिनं त्याला शेजारच्या दुकानातून नवा फोन घ्यायला लावला. मग दत्तानं कव्हरं मांडली, त्यातली नाजूक, पातळ कव्हरं संतोष हातात घेऊन बघू लागला. बायकोनं गाडीवरचं हेल्मेट मागवलं. एकेक कव्हर फोनला चढवून ती तो हेल्मेटात खोचून बघत होती. शेवटी एक जाडजूड, कडेला रबर असलेलं कव्हर चढवलं. फोन काही केल्या हेल्मेटात जाईना.

"ह्येच द्या," ती म्हणाली.

*

इंदापूर तालुक्यातले एक तात्या, ऊसवाले. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं त्यांना फोन घेऊन दिला. त्यांची तक्रार अशी की फोन वाजतो, पण उचलला की बंद होतो. मी बघायला मागितला. तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक पुरचुंडी काढली. आधी फडकं, मग रबरबँड, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग कव्हर. हे सगळं सोडेपर्यंत कुणाचाही कॉल संपणारच.

लेकीनं दिलेली वस्तू, धूळ-माती लागायला नको, असं त्यांचं म्हणणं. मी चांगली काच बसवून दिली, दत्तानं गळ्यात अडकवायची दोरी लावली. मग त्यांनी दुकानातूनच लेकीला फोन लावला. वडील कधी आपणहून फोन करत नाहीत, त्यामुळं ती घाबरूनच बोलली, तात्या, काय झालं?

"काय न्हाय गं," तात्या म्हणाले. "पिशवी काढली."

*

मागच्या वर्षी एक पोटुशी बाई दुकानात आली. हातात डिस्प्ले गेलेला फोन. दत्तानं विचारलं, कसा पडला? तिनं कानाकडं बोट दाखवून मान हलवली. तिला ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. दत्तानं आपला फोन पुढं केला, त्यावर तिनं लिहिलं की ती बाळंतपणाला माहेरी इंदापूरला निघालीय, रिक्षात चढताना फोन पडला. नवराही तिच्यासारखाच आहे, कंपनीत आहे, आणि तो व्हिडिओ कॉल करत असेल.

मग माझ्या लक्षात आलं. आपला डिस्प्ले गेला तरी पलीकडं आवाज पोचतो. या दोघांचा डिस्प्ले हाच आवाज. दत्ताच्या फोनवरून लावावा, तर तिला नंबर पाठ नव्हता.

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आधी आलेली गिऱ्हाईकं न सांगता मागं सरकली, कुणीतरी तिला स्टूल दिलं. नवा डिस्प्ले बसवला, फोन सुरू केला, तर मिस्ड कॉलची रांग लागलेली. तेवढ्यात पुन्हा कॉल आला. कंपनीच्या गेटजवळ उभा असलेला तिचा नवरा, डोक्यावर टोपी, घाबरलेला चेहरा. तिनं फोन काउंटरवरच्या कव्हरांना टेकवून उभा केला, कारण तिला दोन्ही हात लागणार होते. मग ती दोघं बोलायला लागली. दुकानात आम्ही ऐकू येणारे सगळे गप्प उभे होतो.

निघताना तिनं फोन माझ्याकडं वळवला. नवऱ्यानं मला हात जोडले. मग छातीवर हात ठेवून तो पुढं केला आणि हवेत बोटानं काहीतरी फिरवलं. काय करावं सुचेना, म्हणून मीही तसाच छातीवर हात ठेवला, पुढं केला आणि बोट फिरवलं.

तो तिकडं गेटवर, ती इकडं स्टुलावर, दोघं इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. हसता हसता तिनं डोळे पुसले, माझा हात दाबला आणि बाहेर थांबलेल्या रिक्षात जाऊन बसली.

मी काय बोलून बसले, ते मला आजवर कळलेलं नाही.