खातेदार तुम्हीच का?

फोन हातात आला तेव्हा तो चालत होता, हे मला आधी सांगायला हवं. नाहीतर आई खोटं बोलली असं वाटेल, आणि ती तशी नाही.

खालापूर तालुक्यात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, मुंबईच्या लोकांचे बंगले झाले आहेत. त्यातल्या एका बंगल्याचं सगळं आई बघते. झाडलोट, स्वयंपाक, किल्ल्या. मी पाचवीत होते तेव्हापासून. मालक वयस्कर आहेत, एकटे आहेत. शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी जातात. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. त्यांची मुलगी अमेरिकेत असते, तिला आम्ही ताई म्हणतो. ती दिवाळीत आली होती, आणि परत जायच्या आदल्या दिवशी तिनं आपला जुना फोन आईच्या हातात ठेवला.

"मावशी, हा तुमच्या लेकीला. कॉलेजला लागतो ना."

तिथेच ओट्याजवळ उभं राहून ताईंनी त्यातलं स्वतःचं सगळं पुसून टाकलं, बंगल्याचं वायफाय जोडून दिलं आणि आईचा नि माझा एक फोटो काढला. फोटो इतका स्वच्छ आला की आईच्या मनगटावरची भाजल्याची जुनी खूणसुद्धा दिसली. आईनं ती पडद्यावर बोटानं पुसून पाहिली.

घरी येऊन मी त्यात माझं सिम घातलं. इंग्रजीत अक्षरं आली: हे सिम या फोनला चालणार नाही. सिम काढलं, ओढणीला पुसलं, परत घातलं. मग बाबांचं घालून पाहिलं. तेच. बाबा खोपोलीला कारखान्यात आहेत, रात्रपाळीला निघायच्या घाईत होते.

"अमेरिकेचा हाय तो," शर्टाची बटणं लावत ते म्हणाले. "त्याला आपली हवा मानवत नसंल." आणि स्वतःच्या विनोदावर हसत ते गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी कर्जतला स्टेशनजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदारानं फोन उलटापालटा करून बघितला, स्वतःचं सिम घातलं, काढलं.

"लॉक हाय हा. तिकडच्या कंपनीनं विकलेला. त्यांचंच सिम चालनार, दुसऱ्या कुनाचं नाय."

"मग काय करायचं?"

"ज्याच्या नावावर हाय त्यानं कंपनीला कळवायचं. ते तिकडनंच खोलून देतात. फुकट." मग तो फोन माझ्याकडे सरकवत म्हणाला, "बिल हाय का?"

"नाही."

"चोरीचा नाय ना गं?"

तो हसतच म्हणाला. त्याला काही वाटलं नसणार. पण बाजूला चार्जर बघत उभ्या असलेल्या दोन बायकांनी आधी फोनकडे आणि मग माझ्या चपलांकडे पाहिलं. "नाही, नाही, दिलाय, ताईंनी दिलाय," असं मी दोन-तीनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर बरं झालं असतं. घरी येईपर्यंत शेअर रिक्षात मी फोन दप्तरात पुस्तकांच्या मधे दाबून ठेवला होता आणि कोणीतरी हात लावून विचारेल, हा कुणाचा, असं वाटत राहिलं.

उपाय तर कळला होता. ताईंना एक मेसेज करायचा. पण आई ऐकेना.

"तिनं येवढ्या हौसेनं दिला, आन् आपन म्हनायचं चालत नाय? नको गं बाय. दिल्या वस्तूला नावं ठेवल्यासारखं व्हतं."

"नावं नाही ठेवत, फक्त सांगतोय."

"तिला तिकडं कामं काय कमी हायत? आता हिच्या फोनसाठी कंपनीत जा. नको."

आई अडाणी आहे म्हणून असं म्हणत होती, असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही. मीसुद्धा वर्गात एखादी गोष्ट समजली नाही तर सरांना पुन्हा विचारत नाही. त्यांनी एकदा सांगितलंय, आता परत कशाला त्रास, असं वाटतं. हे मी आईकडूनच घेतलं असावं.

फोन बंगल्यात मात्र छान चालायचा. वायफाय होतं ना. त्यामुळे ताईंनी अमेरिकेतून विचारलं, "मावशी, फोन कसा आहे?" तेव्हा आई बंगल्याच्या स्वयंपाकघरात उभी होती, त्याच फोनवर ताईंचा चेहरा दिसत होता, आणि आई म्हणाली, "झकास हाय, ताई." ताईंनी पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. पुन्हा झकास. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मागे भांडी पुसत होते. आईनं माझ्याकडे बघितलं नाही.

जानेवारीत माझा स्वतःचा जुना फोन चार्ज होईनासा झाला. कॉलेजच्या नोट्स, सूचना, सगळं फोनवर येतं. बाबांचा फोन बाबांबरोबर कारखान्यात. मग मी दुपारी आईबरोबर बंगल्यावर जायचे, मागच्या पायरीवर बसून ताईंच्या फोनवर सगळं उतरवून घ्यायचे. साहेब नसताना त्यांचं वायफाय वापरतेय, याचंही दडपण होतंच. अशाच एका मंगळवारी दुपारी मला त्या अमेरिकन कंपनीचं पान सापडलं. खाली एक चौकोन होता. त्यात लिहायचं आणि कंपनीचा माणूस उत्तर देतो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे इंग्रजीत काही आलं की ते माझ्याकडे येतं. औषधाचा कागद, बँकेचा मेसेज, शेजारच्यांची पार्सलं. मला येतं असं सगळ्यांना वाटतं. मी शब्द जुळवून जुळवून लिहिलं की मला हा फोन दुसऱ्या सिमसाठी मोकळा करून हवा आहे. लगेच उत्तर आलं. फार गोड भाषेत. नाव विचारलं. कोणाचं नाव विचारताहेत ते न कळून मी ताईंचं पूर्ण नाव लिहिलं. नंबर विचारला. ताईंचा लिहिला, तो माझ्याकडे होता.

मग प्रश्न आला. खातेदार तुम्हीच का?

मी तो तीनदा वाचला. आत आई फरशी पुसत होती, बादलीच्या कडीचा आवाज येत होता. 'नाही' लिहिलं तर तो माणूस पुढे बोलणार नाही, एवढं कळत होतं. 'हो' लिहिलं तर काय होईल ते कळत नव्हतं. मला वाटलं, फोन तर ताईंनी मलाच दिलाय, म्हणजे एका अर्थी तो माझाच. मी 'हो' लिहिलं.

तो म्हणाला, धन्यवाद, आता खात्रीसाठी तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड पाठवला आहे, तो सांगा.

तो कोड त्या क्षणी अमेरिकेत, ताईंच्या उशाशी गेला होता. तिकडे पहाट असणार. त्यानं पुन्हा विचारलं, कोड मिळाला का? मी काहीच न लिहिता पान बंद केलं. फोनही बंद केला. जणू फोन बंद केला की झालेलं झालं नाही असं होतं.

बुधवारी सकाळी आईच्या बटणांच्या फोनवर साहेबांचा फोन आला. साहेब कधी शुक्रवारच्या आधी फोन करत नाहीत. आई तांदूळ निवडत होती. ती नेहमीप्रमाणे उभी राहून बोलायला लागली. साहेबांशी ती बसून बोलत नाही.

"नाय साहेब... कोनी नाय आलं... नाय, वायफायचा नंबर मी कुनाला कशाला देऊ... व्हय. व्हय. पोलिसात?"

साहेबांचा आवाज मोठा आहे, मला दारातूनही ऐकू येत होता. ताईंच्या नावानं कोणीतरी कंपनीशी बोललं होतं. भारतातून. ताईंनी रात्रभरात, म्हणजे त्यांच्या दिवसभरात, बँकेचे सगळे पासवर्ड बदलले होते. साहेबांच्या एका मित्राची अशीच फसवणूक झाली होती म्हणे. आधी नंबर हातात घेतात, मग खातं. साहेब सायबर पोलिसांकडे तक्रार करणार होते. शेवटी ते म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं: "तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तुम्हालाच सांगतोय. कोणी दिसलं तर मला कळवा."

आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "कोन मेला असंल गं? माज्या ताईंच्या मागं लागलाय."

मला पोलिसांची भीती वाटली, खोटं कशाला म्हणू, आधी तीच वाटली. जीप गावात येणार, शाळेपाशी थांबणार, कोणीतरी आमचं घर दाखवणार. पण त्याच्याही खाली दुसरी भीती होती आणि ती जास्त मोठी होती. साहेबांनी आईला काढलं तर? बंगल्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. किल्ल्या एकीच्या हातून गेल्या की दुसरं कोणी तिच्या हातात देत नाही. आणि आईला त्यात स्वतःची काय चूक झाली हेही कळणार नाही.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, भिंतीकडे बघत.

आईनं ताटातले तांदूळ एकीकडून दुसरीकडे सारले.

"तू म्हनालीस, ताई म्हंजे मीच?"

"हो."

"आगं, येवढं शिकून तुला येवढं कळू नये?" मग आवाज खाली आला. "विचारू मी दिलं नाय. चूक माजीबी हाय. चल."

"कुठे?"

"वर. ताईंशी बोलायला. त्यो फोन हितं चालतोय व्हय?"

चढणीवर मी तिच्या मागे चालले. मला वाटत होतं, तिकडे रात्र झाली असेल, ताई झोपल्या असतील, उचलणारच नाहीत. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचललं. डोळे सुजलेले होते. मागे भिंतीवरचा दिवा.

मी सगळं वाक्य मनात तयार केलं होतं. निघालं फक्त, "ताई, ते मी होते."

त्यांना समजेना. मी पुन्हा सांगितलं. सिमचं, दुकानाचं, चॅटचं. त्या ऐकत राहिल्या. मग एकदम हुंदका दिल्यासारख्या हसल्या, की रडल्या, मला ठरवता आलं नाही.

"तू होतीस? अगं, मी आज ऑफिसला गेले नाही!" आणि मग आईकडे वळून, "मावशी, मी तीन वेळा विचारलं तुम्हाला. तीन वेळा!"

"चालत व्हता की, ताई," आई म्हणाली. "हितं चालत व्हता."

"आणि घरी?"

"घरी नव्हता."

ताईंनी कपाळाला हात लावला. "हे एका मेसेजचं काम होतं, मावशी."

"तेच की. पन त्यो मेसेज कसा करायचा?"

ताई म्हणाल्या, त्या स्वतः कंपनीला कळवतील. पण त्यांच्या बाबांना, म्हणजे साहेबांना, हे सांगावंच लागेल, नाहीतर ते खरंच पोलिसात जातील. "आणि तू," त्या मला म्हणाल्या, "परत कधी माझं नाव लावू नकोस." रागानं नाही म्हणाल्या. म्हणूनच जास्त लागलं.

गुरुवार कसा गेला आठवत नाही. शुक्रवारी दुपारी बंगल्यावर असताना फोन मोकळा झाल्याची सूचना आली, घरी येऊन मी सिम घातलं आणि वरच्या कोपऱ्यात रेघा उमटल्या. आमच्या घरात, चुलीपाशी. मी आईला दाखवलं. तिनं मान हलवली आणि विचारलं, "उद्या किती वाजता येतात गं साहेब? नेहमीच्याच टायमाला ना?"

शनिवारी आईनं बंगला दोनदा झाडला. मला म्हणाली, घरी थांब. मी थांबले नाही.

साहेब आले, हात-पाय धुतले, जेवले. पिठलं-भाकरी. आईनं वाढलं, मी दाराआड उभी होते. आई ताट उचलायला वाकली तेव्हा वाटी ताटावर वाजली.

"मुलीला बोलवा," साहेब म्हणाले.

मी पुढे गेले. त्यांनी चष्मा लावला. "ते चॅट दाखव. काय लिहिलंस ते." कंपनीनं बोलण्याची प्रत ताईंना पाठवली होती, ताईंनी मला, मी ती काढून दिली. त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं, हळूहळू, एखादी नोटीस वाचावी तसं. माझं चुकीचं इंग्रजीही वाचलं असणार. एका ठिकाणी बोट थांबलं.

"इथे हो लिहिलंस."

"हो."

"का?"

"नाही लिहिलं असतं तर... ते बोलायचे थांबले असते, साहेब."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या पायांकडे. मग त्यांनी फोन परत केला, चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला. एवढ्या वेळात आईचा पगार, बाबांची पाळी, माझी फी, सगळ्याचा हिशोब माझा मनात करून झाला होता.

"चालू झाला का पण?"

"काल झाला."

"हं." ते उठले. बाहेरच्या खुर्चीकडे जाता जाता, मागे न बघता आईला म्हणाले, "पुढच्या शनिवारी आठ माणसं आहेत. वरच्या खोल्यांतल्या गाद्यांना ऊन दाखवून ठेवा."

"व्हय, साहेब."

बाकी काही नाही. आई भांडी घासायला बसली. मी विसळत होते. दोघींपैकी कोणी बोललं नाही, ते बाहेर बसलेले होते ना. काम आटोपून आम्ही खाली निघालो. फाटकाच्या बरंच पुढे आल्यावर, बंगला झाडांमागे गेल्यावर, आई थांबली.

"आठ म्हनाले ना गं?"

"आठ."

"पुढच्या शनिवारी?"

"हो, आई. पुढच्या शनिवारी."

ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. पदरानं तोंड पुसलं, मग मान. मी तिच्या शेजारी बसले. मग ती म्हणाली, "गाद्या सहाच हायत वर. दोन खालच्या चढवाव्या लागतील. तू येशील ना धरायला?"