नाव न घेतलेलं गाऱ्हाणं

"हां वाक्य जेवणाच्या टायमाक वाचूचा नाय," मामा म्हणायचे आणि माझ्या पत्रकातल्या सगळ्यात चांगल्या ओळीवर अंगठा ठेवायचे.

सगळ्यात चांगली म्हणजे अर्थात माझ्या मते. 'जमिनीच्या दलालांनो, पेडण्याची माती तुम्हाला गिळल्याशिवाय राहणार नाही', असलं काहीतरी. पक्षाची पत्रकं मी लिहायची आणि ते आपल्या रिक्षात बसून माइकवर वाचायचे, अशी आमची जोडी होती. मी हटून बसले की ते समजावत, "माणूस आता हुमण-भात खायत आसतलो. तेच्या घशात माती कित्याक घालतंस, बाय?"

तुमच्याही गावात असा एक आवाज असेल. पार्से आणि आजूबाजूच्या वाड्यांना माहीत असलेला हा आवाज होता. जत्रेतलं नाटक, क्रिकेटची मॅच, हरवलेली म्हैस, उद्या पाणी येणार नाही, सगळं त्याच गळ्यातून जायचं. रिक्षाच्या टपावर कर्णा, मागच्या सीटवर बॅटरी आणि पुढे त्यांच्या पायांमध्ये एक शहाळं. गावातली पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही.

एखाद्या घरात कोणी गेलेलं असलं की मामा कर्णा बंद करत. तेवढंच नाही, इंजीनही बंद करत आणि त्या दारावरून रिक्षा ढकलत नेत. मागून ढकलायला मी. एकदा भर उन्हात चढावावर मी वैतागून म्हटलं, "माइक बंद आहे ना? मग ढकलायची कशाला?"

"रिक्षा पण बोलता गो," ते म्हणाले. "जरा जोर लाव. तुज्या पत्रकात बरो जोर आसता."

त्यांचं दुसरं काम म्हणजे गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट सुरू करताना देवळासमोर नारळ ठेवून देवाला सांगणं करतात, मग ते लग्न असो की नवी बोरवेल. एक जण मोठ्यानं बोलतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. निवडणुकीतही तसंच. मामा गाऱ्हाणं घालणार, त्यात ज्याचं नाव घेतील तो गावाचा उमेदवार. गेली कित्येक वर्षं ते नाव भाऊंचं होतं. भाऊ म्हणजे आमच्या पक्षाचे तालुक्यातले पुढारी. दुसऱ्या कोणाचं नाव त्या जागी बसू शकतं, असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग भाऊ थकले आणि त्यांनी पुतण्याला पुढे केलं. वरून मात्र फर्मान आलं की या खेपेला विधानसभेचा उमेदवार पक्षाच्या सभासदांनीच मत देऊन निवडायचा. भाऊंनी हसून मान्य केलं. सभासद त्यांचे, हॉल त्यांचा, चहाही त्यांचाच.

आणि तेवढ्यात वकीलबाई उभ्या राहिल्या.

त्या कारापूरच्या. वडील सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आलेले. खाणी बंद पडल्यावर कामगारांच्या केसेस लढवून बाईंनी नाव कमावलेलं. पण पेडण्यात त्यांचं घर नाही, सोयरं नाही, पक्षातही कालपरवा आलेल्या. भाऊंच्या माणसांनी एकच शब्द फिरवला: भायली, म्हणजे बाहेरची.

मी पेटलेच. त्याच दिवशी पत्रक लिहिलं आणि मामांकडे गेले. "गाऱ्हाण्यात बाईंचं नाव घ्या. तुम्ही घेतलंत की अर्धी लढाई संपली."

मामा कर्ण्याची वायर सोलत बसले होते. "माझी सून खंय कामाक आसा, ठावक आसा मगे तुका?"

ठाऊक होतं. सरकारी दवाखान्यात, कंत्राटावर. भाऊंनी चिकटवलेली. मुलगा जहाजावर असताना अपघातात गेला, त्यानंतर ते घर सुनेच्या पगारावर चाललं होतं.

"म्हणजे भाऊंनी तुमचा आवाज विकत घेतलाय," मी म्हटलं. असलं वाक्य मला चटकन सुचतं.

ते रागावले नाहीत. "तुज्या बापाशीची पेन्शन आसा, म्हणान तुजी जीब मोकळी," एवढंच म्हणाले. मग वायर तोंडात धरून पुढे म्हणाले, "त्या वकिलीणीक हंय घेवन ये. बगूंया कशी बसता ती."

बसते म्हणजे अक्षरशः बसते. आमच्या घरांच्या पुढच्या दारात दोन बाजूंना सिमेंटची बैठक असते, तिला सोपो म्हणतात. त्या सोप्यावर मामांनी वकीलबाईंना अख्खी दुपार बसवून ठेवलं. दोन बस बदलून आलेल्या बाई, आणि हे आपले कर्ण्याचा डाग काढतायत. मी आत-बाहेर करत होते. बाईंनी ना जाहीरनामा काढला ना घड्याळ पाहिलं. सून कामावरून आली, बाईंना पाणी दिलं आणि आत वळली. बाई तिला म्हणाल्या, "तुम्हीही सभासद आहात ना? तुमचं मत कोणाला?"

सून दारातच थांबली. नोकरी देताना भाऊंच्या माणसांनी तिची सभासदाच्या अर्जावर सही घेतली होती. त्यानंतर त्या मताबद्दल तिला कोणी काही विचारलं नव्हतं. सासऱ्यांनीही नाही, आणि मीही नाही.

"बगतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

आम्ही बाईंना बसवर सोडून आलो. मामा म्हणाले, "माका विचारूक नाय. तिका विचारला." मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा असेल, सुनेला विचारलं, "काय करूया?"

सून बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मामंजी, देवाकडे खोटा बोलू नकात. पण भायलीचा नाव घेवन माका घरात पण बसवू नकात."

आता या दोन टोकांतून काय वाट निघणार? मला तरी दिसत नव्हती.

भाऊंच्या पुतण्याच्या प्रचाराचा नारळ ठेवायचा दिवस आला. देवळासमोर गर्दी. पुतण्या नवा कडक शर्ट घालून उभा. मी मागे, दात खात. मामांनी नारळावर हात ठेवला आणि तो आवाज सुरू झाला. गावाचं, वाटेचं, वहिवाटीचं सगळं म्हणून झालं आणि नावाची जागा आली.

"आणि बा देवा, हे निवडणुकेक जो कोण उबो रवता..."

"व्हय महाराजा."

"तो भितरलो आसू, भायली आसू..."

"व्हय महाराजा," लोक सवयीनं म्हणाले.

"तेच्यातल्या ज्याका गरिबाची लाज आसा, तेका तू यश दी."

"व्हय महाराजा," सगळ्यात मोठ्यानं पुतण्या म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं.

मी तेव्हा हसले नाही. मला वाटलं, मामा घाबरले. नाव घ्यायला हवं होतं. तसं मी त्यांना रिक्षात तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "गळो माझो आसा, पण पोट तिचा."

पुढच्याच आठवड्यात सुनेला निरोप आला: उद्यापासून यायचं नाही. कारण लेखी दिलं नाही. मी तडक त्यांच्या घरी पोचले, तर मामा रिक्षा धूत होते. सून बादली भरून देत होती.

"आता काय?" मी विचारलं.

उत्तर सुनेनं दिलं. "आता काय ऱ्हवला? भाऊंनी आपल्या हातान सोडवल्यानी आमका. जावा मामंजी, घेवा नाव."

आणि मामांनी नाव घेतलं. वाडी वाडी फिरून, आडनावासकट, बापाच्या ट्रकसकट. माझं पत्रक जेवणाच्या वेळेलाही पूर्ण वाचलं, दलालांच्या मातीसकट. मधेच थांबून स्वतःचं एक वाक्य घालायचे: "आमच्या सुनेचा काम गेला, कित्याक तां भाऊंका विचारा." भाऊंच्या दारासमोर ते वाक्य त्यांनी अगदी हळू, अदबीनं म्हटलं. कर्णा मात्र पूर्ण सोडलेला होता.

बाई हरल्या. हॉल भाऊंचा होता, आधीच सांगितलंय. मात्र भाऊंना वाटलं होतं तेवढ्यानं नाही, आणि ते मोजणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी रडले. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तर मामा म्हणाले, "तिका रडूंदे. पत्रक भिजूचा नाय, इतक्याच बग."

त्या पावसाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत मामा गेले. वाडीत सांगायचं कसं हा प्रश्न पडला, कारण सांगणारे तेच होते. आम्ही घरोघर चालत गेलो.

विधानसभेच्या निवडणुकीआधी पुतण्याची माणसं सुनेकडे आली. मी तिथेच होते, काजूच्या बिया निवडायला बसलेली. रिक्षा आणि कर्णा भाड्यानं हवा होता. दवाखान्यातली जागाही परत देऊ म्हणाले. माझ्या जिभेवर एक अख्खं पत्रक आलं होतं, पण सुनेनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"उमेदवार खंय आसा?" तिनं विचारलं. "तेका पाठवा. एकटो येवंदे."

तो आला, एकटा. माणसं आणि गाडी वळणावर ठेवून. तिनं त्याला वकीलबाई बसल्या होत्या त्याच सोप्यावर बसवलं, पाणी दिलं आणि हातातलं काम आटपायला आत गेली. मला वाटलं, लगेच येईल. त्यालाही तसंच वाटलं असणार. त्यानं फोन काढला, परत ठेवला. मग रुमालानं मान पुसली आणि दाराकडे पाहत राहिला.

आत तिनं तांदूळ धुऊन भाताला आधण ठेवलं, आणि मग निवांत नारळ खोवायला बसली.