नळातला करंट शोधणारा चिक्कण्णा

चिक्कण्णा घरात शिरला तो चप्पल घालूनच. आमच्या चामराजपेटेतल्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल म्हणजे इंदूच्या, माझ्या बायकोच्या, डोक्यात तिडीक. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, त्यांना सांगा ना! देवघर आहे आत."

त्यानं पाय वर करून चपलेचा तळ दाखवला आणि त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "अक्का, हे रस्त्याची चप्पल नाही. रस्त्याची बाहेर काढली. हे पिशवीतली, पेपरात गुंडाळलेली, फक्त घरात घालायची. ही काढली तर मी तुमच्या भिंतीला हात लावणार नाही. देवाला राग आला तर मी माफी मागतो. करंटाची माफी मागता येत नाही."

इंदू हसली. मला हसू आलं नाही. मी शिंपी माणूस, सातवीपर्यंत शिकलेला. गोड बोलणारा कारागीर दिसला की मी आधी त्याच्या हातांकडे बघतो. बैठकीतलं एक बटण काळं पडलं होतं, तेवढं बदलायला बोलावलेला हा माणूस घरभर वास घेत हिंडायला लागला. मला वाटलं, झालं, आता काम वाढवणार.

मी म्हणालो, "मेन बंद केलंय. बटण बदल आणि जा."

"कुणी बंद केलं?"

"मी."

"मी बघितलं नाही ना, अण्णा. मी बघितल्यावर बंद." मग स्वतः जाऊन बघितलं. हे त्याचं कायमचं. पुढं त्याची माझी दोस्ती झाल्यावरही मी 'बंद आहे' म्हटलेलं त्यानं एकदाही मानलं नाही. बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीत त्याला पंखा लावायला नेलं होतं. तिथं त्यानं प्लगचं झाकण उघडलं तर तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागं तारच नाही. घरमालक म्हणाला, बिल्डिंग नवी आहे हो. हा म्हणाला, "भिंत नवी आहे, सर. भिंतीच्या आत कोण बघितलं?"

तर त्या दिवशी बटण बदलून झाल्यावर त्यानं फ्यूज उपसला आणि माझ्याकडे बघत राहिला. लग्नसराईत माझी इस्त्री आणि मशीन एकदम चालायची, फ्यूज सारखा उडायचा. म्हणून मी त्यात जाड तार पिळून घातली होती. तेव्हापासून एकदाही उडाला नव्हता. मला त्याचा अभिमान होता.

"हे कुठला शहाणा केला?"

"आधीच्या भाडेकरूनं," मी म्हणालो.

"भाडेकरू शिंपी होता काय? गाठ बघा कशी मारलीय."

इंदू पदर तोंडाला लावून आत पळाली. आतून म्हणाली, "चिक्कण्णा, आलाच आहात तर आमचा नळ पण बघा. हाताला मुंग्या येतात."

मी म्हणालो, "तिला वात आहे. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात." आठ महिने ती गोळ्या खात होती. आठ महिने मी तेच सांगत होतो.

चिक्कण्णानं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. "अक्का, कधी येतात?"

"सकाळी. हे इस्त्रीला बसतात तेव्हा."

त्यानं फ्यूज बसवून मेन परत चालू केलं, मला इस्त्री लावायला सांगितली आणि स्वयंपाकघरात जाऊन टेस्टर नळाला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. पितळी नळ, त्यातून पाणी पडतंय आणि दिवा लागलाय.

खरं सांगतो, मला पहिला संशय नळाचा आला नाही, चिक्कण्णाचा आला. मी म्हणालो, "तुझ्या टेस्टरात सेल आहे."

दुसरा असता तर भांडला असता. त्यानं टेस्टर खोलून माझ्या हातावर ओतला. एक स्प्रिंग, एक काचेचा दिवा, एक काळा तुकडा. "बघा. चांगलं आहे. मी पण कुणावर भरवसा ठेवत नाही."

माझं तरी समाधान नाही. मी तसाच बाहेर पडलो, त्याच्या ओळखीचं नसेल असं लांबचं दुकान गाठलं आणि माझा स्वतःचा टेस्टर विकत आणला. येईपर्यंत इंदूनं त्याला चहा दिला होता आणि नळाकडे फिरकायची तिला मनाई झाली होती. मी माझा टेस्टर नळाला टेकवला. दिवा लागला.

मग त्यानं सगळं सांगितलं. जुन्या काळी कुणीतरी घराची अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधली होती. पाइप जमिनीत, म्हणून चालून गेलं. पण बाहेरचा पाइप गंजला आणि मी तो बदलून प्लास्टिकचा घातला. त्या दिवसापासून घरातल्या लोखंडाला जमीनच उरली नाही. माझी इस्त्री आतून गळत होती. तो करंट तारेतून पाइपात आणि पाइपातून नळाला. मला काही लागत नव्हतं, कारण इस्त्रीची मूठ बाकेलाइटची, पायाखाली लाकडी फळी, आणि स्वयंपाकघरातला नळ मी जन्मात सोडला नव्हता.

"आज मुंग्या," तो म्हणाला. "इस्त्री अजून बिघडली, अक्का ओल्या पायानं उभी राहिली, की मुंग्या नाही. अक्काच नाही."

त्यानं मोरीमागं खड्डा खणून कोळसा, मीठ घालून नवी अर्थिंग केली. सगळ्या तारा बदलल्या. गळती झाली की आपोआप पडणारं बटण बसवलं आणि दर महिन्याला ते दाबून बघायला इंदूला शिकवलं, मला नाही. म्हणाला, "अण्णा फसवतील." इंदूनं गोळ्या बंद केल्या. मुंग्या परत आल्या नाहीत. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर चार वर्षांनी इंदू गेली. सकाळी भाजी निवडता निवडता. हृदय, डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर चिक्कण्णा भेटायला आला. मी त्याला सरळ विचारलं, "आठ महिने तिला करंट बसत होता. त्यानं हृदय खराब झालं असेल का?"

"नाही, अण्णा. करंट मनात धरून बसत नाही. मारायचं तर तिथंच मारतो. सोडलं की सोडलं."

मला हलकं वाटलं. तो गेल्यावर वाटलं, हा माणूस साधा बल्ब गेलाय की होल्डर, हे सुद्धा दहा मिनिटं तपासल्याशिवाय सांगायचा नाही. आणि हे त्यानं मान वर न करता, माझं बोलणं संपायच्या आत सांगितलं. त्याला खरंच ठाऊक होतं, की माझ्याकडे बघवलं नाही म्हणून बोलला?

परत विचारायचं ठरवत राहिलो. या उन्हाळ्यात चिक्कण्णाही गेला, झोपेतच.

इंदूच्या डॉक्टरचा दवाखाना आमच्या कोपऱ्यावर आहे. दूध आणायला रोज त्याच्यासमोरूनच जातो. आत जाऊन विचारायला दोन मिनिटं लागतील. मी जात नाही.