मिनिटसाहेबांच्या पोळ्या

त्यांचा उजवा अंगठा सारखा तर्जनीवर दाबला जायचा. हातात घड्याळ असो वा नसो. समोर कुणी चहा गाळायला लागलं की अंगठा एकदा दाबला जायचा, आणि चहा गाळून झाला की पुन्हा एकदा. नोकरी अशी बोटांत शिरलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती. कोलशेतच्या कंदिलांच्या कारखान्यात मी कारकून होतो आणि ते रेटफिक्सर. कंदिलाला बर्नर बसवायला किती वेळ लागावा, एका माणसानं दिवसाला किती बसवावेत, हे ठरवणं त्यांचं काम. ते कामगाराच्या मागे बटण दाबून चालू-बंद करायचं घड्याळ घेऊन उभे राहत आणि आकडे टिपत. ते आकडे सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं काम माझं. कामगारांनी त्यांचं नाव ठेवलं होतं मिनिटसाहेब.

ते मागे आले की अख्खी रांग मंदावायची. एरवी सपासप चालणारी माणसं एकेका बर्नरवर फुंकर मारत, फडक्यानं पुसत बसायची. मिनिटसाहेबांना ते कळत नव्हतं असं नाही. "घाबरलेल्या हाताचा वेळ धरायचा नसतो," असं मला म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे पुन्हा जाऊन उभे राहायचे.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे चिंचेखाली गोल करून बसायचो. मिनिटसाहेब ऑफिसच्या पायरीवर एकटे. बायको जाऊन वर्ष झालं होतं, डब्यात स्वतः लाटलेल्या वेड्यावाकड्या पोळ्या. एकदा ते आपण होऊन आमच्यात येऊन बसले. बोलणं थांबलं. ते हळूहळू पुन्हा सुरूही झालं असतं, पण तेवढ्यात यांनी सवयीनं घड्याळ काढून पाहिलं. सगळ्यांनी डबे आवरले. मीही आवरला. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढे खडवलीची एक बाई नव्यानं कामाला लागली, गंगूबाई. भाताच्या लावणीला सरावलेले हात ते, बर्नर फिरवून बसवायचा आटा त्यांच्यात तिरकाच बसायचा. पंधरा दिवसांत आकडा गाठला नाही तर काढून टाका, असं मॅनेजरनं फर्मान काढलं. मिनिटसाहेब चौकटीचा एक कागद घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले. आधी आलेल्या नवख्या लोकांना दर आठवड्याला एका बर्नरला किती वेळ लागला, त्याचे ठिपके त्यावर जोडलेले होते. रेघ आधी भराभर उतरत होती, मग हळूहळू.

"साहेब, हात बसायला वेळ लागतो," ते म्हणाले. "पंधरा दिवस म्हणजे अर्धीसुद्धा वाट नाही. हिला सहा आठवडे द्या."

मॅनेजरनं दिले. मिनिटसाहेब रोज घड्याळ खिशात घालून तिला आटा कसा धरायचा ते दाखवत. सहाव्या आठवड्यात तिनं आकडा ओलांडला.

त्या दुपारी चिंचेखालून तिनं हाक मारली. "दादा, एकटं काय जेवता? या ना हिकडं."

घड्याळ माझ्या टेबलावर ठेवून ते गेले. तिनं त्यांच्या डब्यात जवळ्याची चटणी वाढली. जन्माचा शाकाहारी माणूस, पण चटणी परत केली नाही. पोळीखाली लपवली आणि म्हणाले, "छान झालीय." सगळ्यांना कळलं, कुणी बोललं नाही. दोन महिने ते आमच्यात जेवले. हसताना त्यांचे दात दिसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मॅनेजरला तो कागद आठवला. नवखी बाई सहा आठवड्यांत आकडा ओलांडते, म्हणजे आकडाच सैल आहे, असा त्यानं हिशोब लावला आणि सगळ्या रांगेचा आकडा वाढवला.

"साहेब, तो कागद तिला ठेवून घेण्यासाठी काढला होता," मिनिटसाहेब म्हणाले.

नोटिशीवर रेटफिक्सरची सही लागायची. त्यांनी दोन दिवस केली नाही, तिसऱ्या दिवशी केली. गंगूबाई त्यांना एका शब्दानं बोलली नाही. दुपारी गोल बसला, त्यात त्यांच्यापुरती जागा तेवढी नव्हती. ते डबा घेऊन क्षणभर उभे राहिले आणि पायरीवर परत गेले. मी गोलात होतो. सरकून बसलो असतो तर कुणी मला मारलं नसतं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. घड्याळ कंपनीचं, ते माझ्याकडेच जमा केलं. जाताना म्हणाले, "रविवारी डोंबिवलीला या. जेवायलाच या."

गेलो. चुलीवरच्या भिंतीला चौकटीचा कागद डकवलेला. पोळीचे ठिपके! पहिली पोळी अकरा मिनिटांची, शेवटची दीड. "हात बसला शेवटी," ते म्हणाले. माझ्या ताटात चार पोळ्या आल्या, चारही गोल आणि मऊ. मी सुट्टीत जेवल्यासारखा भराभर खात होतो.

"सावकाश जेवा," ते म्हणाले. "घड्याळ जमा केलंय मी."

निघताना जिन्यापर्यंत आले. "पुढच्या रविवारी?"

"येतो की."

नाही गेलो. कारण विचाराल तर काहीच नव्हतं. एक रविवार झोपेत गेला, एक पाहुण्यांत, मग मोजणंच सोडलं. दिवाळीच्या तोंडावर गेलो तर दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"ते भाद्रपदातच गेले हो. तुम्ही कारखान्यातले का?"

मी मान हलवली.

"दर रविवारी आठ पोळ्या लाटायचे. पाहुणा यायचाय म्हणायचे. दीड वाजेपर्यंत थांबायचे, मग चार आमच्याकडे आणून द्यायचे. मुलं आवडीनं खायची. फार मऊ असायच्या."