एक्केचाळीस घरांचा पत्ता

महिपत वेखंडे सरांसमोर कुणी नुसतं ‘हो सर’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. शहापूरच्या कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवून त्यांना एवढं नक्की कळलं होतं, की पोरं ज्या आवाजात ‘हो सर’ म्हणतात, त्याच आवाजात ‘पृथ्वी चौकोनी आहे’ यालाही म्हणतील.

त्या वर्षी कॉलेजने पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी शुक्रवारी दुपारी लेखनाचा जादा तास काढला. बारावी पास झालेली, पण सुट्टीचा अर्ज लिहायचा म्हटलं की घाम फुटणारी एक्केचाळीस पोरं. तास कोण घेणार, असं प्राचार्यांनी विचारताच सगळे प्राध्यापक एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. सर तेवढे चष्मा पुसत होते, म्हणून तो तास त्यांच्या गळ्यात पडला. रिटायर व्हायला एकच वर्ष उरलं होतं.

पहिल्या निबंधात डोळखांबकडच्या रितेशने अख्खं पान लिहिलं आणि पूर्णविराम दिला एकच. तोही बहुधा पेन टेकलं म्हणून उमटलेला.

“अरे, बोलताना माणूस समोर असतो,” सर म्हणाले. “कळलं नाही तर तो विचारतो. वाचणारा कुणाला विचारणार? तू तिथे नसतोस. कळलं?”

“हो सर,” एक्केचाळीस जण म्हणाले.

झालं. सर तडकले. “प्रत्येकाने लिहून आणायचं. कॉलेजपासून आपापल्या घरी कसं यायचं. अनोळखी माणूस तेवढा कागद वाचून, कुणालाही न विचारता पोचला पाहिजे.”

भातसानगरच्या भूमिकाने हात वर केला. तिचे वडील धरणावर नोकरीला, आणि कुठलंही काम कशासाठी ते विचारून घ्यायची तिला सवय होती. “पण सर, खरंच कुणी येणार आहे का? नाहीतर लिहायचं कशाला?”

“मी येणार,” सर म्हणून गेले. “रविवारी. एक कागद उचलीन, कुणाचा ते सांगणार नाही. वाटेत विचारणार नाही, फोन करणार नाही.”

वर्गात पहिल्यांदाच ‘हो सर’ ऐवजी शिट्टी वाजली.

घरी चंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “अहो, साठीला आलात. पोरांशी पैजा कसल्या मारता?”

“पैज नाही, अध्यापन आहे.”

“मग मीही येते अध्यापनाला. रविवारी घरी बसून तरी काय करू?”

सरांच्या हाताला नेमका रितेशचा कागद लागला. रविवारी सकाळी जुन्या स्कूटरवर सर पुढे, मागे चंदाबाई, आणि चंदाबाईंच्या हातात कागद. शेणव्यापर्यंत सगळं सुरळीत झालं, कारण शेणव्याचा रस्ता सरांना पाठ होता. पुढे चंदाबाईंनी वाचलं, “‘डोळखांबच्या रस्त्याने आमच्या स्टॉपला उतरा.’”

“आमच्या म्हणजे कोणत्या?”

“ते तुमच्या विद्यार्थ्याला माहीत.”

सरांनी तिसरा स्टॉप धरला. पुढचं वाक्य होतं ‘तिथून सरळ या’. रस्ता डावीकडे वळत होता, पण कागदावर सरळ लिहिलं होतं, म्हणून सर सरळ गेले. भात कापून झालेल्या शेतात स्कूटर दोन बांध ओलांडून तिसऱ्यावर रुतली. चंदाबाई चपला हातात घेऊन उतरल्या आणि शांतपणे वाचू लागल्या, “‘मोठं झाड आलं की वळा. मग आमचं घर दिसेलच.’”

मोठी झाडं सात होती. सरांनी ती मोजली.

“अहो, विचारा ना कुणाला तरी!”

“विचारायचं नाही. ठरलंय.”

स्कूटर तिथेच ठेवून, एका मोठ्या झाडापाशी उजवीकडे आणि दुसऱ्यापाशी डावीकडे वळून दोघं एका खळ्यावर येऊन थडकली. तिथे राघोबाबा नावाचे म्हातारे गृहस्थ भात झोडत होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला माणूस आणि हातात चपला घेतलेली बाई पाहून त्यांनी पेंढी खाली ठेवली.

“कोनाकडं चाललाव?”

सर चष्मा पुसू लागले. नाव सांगितलं म्हणजे विचारल्यासारखंच झालं. शेवटी चंदाबाईंनीच कागद मोठ्याने वाचून दाखवला. राघोबाबांनी लक्ष देऊन ऐकला, दोनदा ऐकला.

“आमचं घर दिसेलच, असं लिवलंय? मंग माजं पन घर दिसतंय की! बसा, चाय घ्या.”

चहा पिताना पाड्यावरची एक बाई विचारत आली. तिची शेळी सुटली होती, ती कुठे दिसली का? राघोबाबांनी डोंगराकडे हनुवटी उडवली, “त्या तिकडं, वरल्या अंगाला.” बाईला तेवढ्यावर सगळं कळलं आणि ती गेलीसुद्धा. सर त्या हनुवटीकडे बघतच राहिले. जन्मभर हनुवटीने वाटा दाखवलेल्या घरातली ही पोरं. त्यांचं सांगणं अर्धं तोंडाने असतं आणि अर्धं हनुवटीने. कागदावर उतरलं होतं ते फक्त तोंडाचं अर्धं. आपण आजवर त्यांच्या वह्यांवर लाल शाईने ‘असंबद्ध’ लिहीत आलो. हनुवटी हरवली आहे, असं लिहायला हवं होतं.

स्कूटर कशीबशी बाहेर काढून दुपारी तीन वाजता दोघं उपाशीपोटी घरी पोचली. शेणव्यापर्यंत चंदाबाई बोलल्या नाहीत. नंतर जे हसायला लागल्या ते थेट शहापूर येईपर्यंत.

सरांना वाटलं होतं, पुढच्या तासाला पोरं हसतील. पोरं हसली नाहीत. रुसली होती. सरांच्या हाती कुणाचा कागद लागला हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे एक्केचाळीस घरांत सरांची वाट बघितली गेली होती! एक्केचाळीस अंगणं सारवली गेली. भूमिकाच्या वडिलांनी धरणावर ड्युटी बदलून घेतली होती. रितेशच्या आईने, कमळाबाईंनी, गावठी कोंबडा कापला होता आणि चार वाजता तो पाहुण्याविना खाल्ला गेला होता.

“आय बोलली, असला कसला सर?” रितेश म्हणाला.

सरांनी खिशातून त्याचाच कागद काढला आणि कुठे कुठे गेलो ते एकेक वाक्य वाचून सांगितलं. तिसरा स्टॉप, शेत, तीन बांध, सात झाडं. रितेश लाल झाला. “सर, झाड म्हंजे मोठा आंबा. त्याला बांडगूळ हाय. त्याच्या डाव्या अंगाला वळायचा.”

“हे कुठे लिहिलंयस?”

“लिवलंच नाय.” तो खाली बसला आणि कुणी न सांगता नवा कागद काढला.

मग वर्गच कागद काढून बसला. कोंबडा वाया घालवायची कुणाचीच तयारी नव्हती. पोरं एकमेकांचे कागद वाचायला लागली, भांडायला लागली. “पुढे म्हंजे किती पुढे गो?” “डावा कोनाचा, येनाऱ्याचा का जानाऱ्याचा?” सरांना त्या तासाला काही शिकवावं लागलं नाही. ते चष्मा पुसत बसले.

त्यानंतर सरांचा एकही रविवार मोकळा राहिला नाही. रितेशकडे दुसऱ्या खेपेला ते कुणालाही न विचारता पोचले, आणि कमळाबाईंनी मागच्या कोंबड्याचं उट्टं वाढण्यात काढलं. भूमिकाचा कागद इतका चोख होता की सर अर्धा तास आधीच पोचले आणि घरात कुणाचं आवरलं नव्हतं. जानेवारीपर्यंत सरांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. अनुस्वार अजूनही हवे तिथे आणि नको तिथेही पडत होते, पण माणूस पोचत होता.

फेब्रुवारीत धाऊचा नंबर लागला. शहापूरच्या वसतिगृहात राहून शिकणारा, वर्गात तोंड न उघडणारा मुलगा. कागद जेमतेम आठ ओळींचा. पण पूल कुठे, पुलानंतर किती पावलं, पायवाट कुठे फुटते, सगळं होतं. एकदाही न चुकता दोघं दारात पोचली. दाराला कुलूप होतं.

“आता?” चंदाबाई म्हणाल्या.

सरांनी कागद उलटला. मागे तीन ओळी होत्या. ‘दिवाळीनंतर आलात तर आईबाबा वीटभट्टीला गेलेले असतील. चावी बाजूच्या काकीकडे आहे. उघडा, माठात पाणी ती रोज भरते, बसून पिऊन जा.’

काकीने खरंच चावी दिली. दोघं त्या रिकाम्या, झाडलेल्या घरात बसून पाणी प्यायली. चंदाबाईंनी पेला विसळून जागेवर ठेवला. निघताना काकीने वालाच्या शेंगा पिशवीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी सर वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. धाऊ बाहेर आला.

“पोचलो,” सर म्हणाले.

“पानी प्यालाव?”

“प्यालो. गार होतं.”

धाऊने मान हलवली. म्हणाला, “काकी शेंगा देनार, ते लिवायचं राह्यलं.”

मे महिन्यात सर रिटायर झाले तेव्हा चौदा घरं बाकी होती. निरोपाच्या सभेत त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि आता विश्रांती घ्या असा सल्ला तिघांनी दिला. घरी येऊन पाहतात तर चंदाबाईंनी चौदा कागद टेबलावर मांडून ठेवलेले होते.

“रविवारचं बंधन आता नाही,” त्या म्हणाल्या. “बुधवारी किन्हवलीकडचं एक करू.”