‘तिले’ द्या जरा फोन

टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर नोकरी केलेल्या बाईजवळ किस्से नाहीत, असं होऊच शकत नाही! आम्ही काही ते गोळा करायला जात नव्हतो हो. पण लाईन नीट लागली की नाही हे बघायला क्षणभर कान द्यावाच लागायचा, आणि तेवढ्यात कोणाचं भांडण, कोणाचा रुसवा, कोणाची लाडीगोडी कानात येऊन पडायची. बाहेर बोलायची सोय नाही, मग ते आत साचत जायचं. गंमत अशी, की लोकांचे ते सगळे किस्से मी केव्हाच विसरले. डोक्यात पक्के बसले ते आमचेच, बोर्डावरच्या बायकांचे. आणि त्यातही विमलचे!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या आमच्या एक्स्चेंजमध्ये आम्ही सगळ्या ओळीनं बोर्डासमोर बसायचो. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे, आणि पाठीमागे फेऱ्या मारणाऱ्या सुपरवायझर कमलताई. विमल माझ्या शेजारच्या खुर्चीवर. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. नवरा रामटेकला शाळेत मास्तर, त्यामुळे ही आठवडाभर इथेच नागपुरात, इंदोऱ्याला आईकडे राहायची आणि शनिवारी बसनं सासरी जायची. आवाज इतका गोड, की लाईन न लागलेली माणसंसुद्धा हिला थँक्यू म्हणून फोन ठेवायची!

सगळीच नाही म्हणा. एकदा इतवारीतला एक व्यापारी कॉलची वाट बघून बघून भडकला आणि हिच्यावर ओरडला, “गाढव आहात का तुम्ही?”

विमल म्हणाली, “हो सर. सॉरी सर.”

कमलताई मागेच उभ्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “सॉरी म्हणाली ते ठीक झालं. पण ‘हो’ काहून म्हणाली वं?”

“ते रागावले नं ताई. कोणी रागावलं का माझ्या तोंडून ‘हो’च निघते!”

आम्ही हसून हसून बेजार! विमल मात्र हसली नाही. ती खरंच सांगत होती.

* * *

तिचे मास्तर अधूनमधून रामटेकच्या पोस्टातून फोन करायचे. माणूस भला, पण शब्दांचा भारी कंजूष. लग्न झाल्यापासून बायकोचं नाव काही तोंडातून निघालेलं नाही! फोन कमलताईंच्या टेबलावर यायचा.

“हॅलो. तिले द्या जरा.”

“कोणाले?”

“तिले.”

“अहो मास्तर, इथं सगळ्या ‘तिले’च बसल्या आहेत! कोणत्या तिले देऊ?”

पलीकडून पुन्हा तेच, “तिले.” शेवटी कमलताईच दया येऊन हाक मारायच्या, “विमल, ये वं, तुझा मुका आला!”

आमच्याकडे पी.पी. कॉल म्हणून एक प्रकार असे. ज्याच्याशी बोलायचं त्या माणसाचं नाव सांगून कॉल मागायचा, म्हणजे तोच माणूस फोनवर आल्याशिवाय बोलणं सुरू होत नसे. त्याचे पैसे जास्त. विमल म्हणायची, “मले साडी नको, दागिना नको. एकदा त्यायनं माझं नाव घेऊन फोन मागावा, बस!”

* * *

त्या दोघांचं बोलणं सांगते. अख्खं सांगते, कारण ते एवढंच असायचं.

“हॅलो.”

“हं. जेवली?”

“हो.”

“बरं.”

संपलं! आणि मग दिवसभर आमच्या डोक्याला ताप. आधी मला विचारायची, “मालती, त्यायचं ‘बरं’ कसं वाटलं तुले? जरासं तुटक नव्हतं? रागावले असतील काय वं?” कोणी म्हणे तुटक होतं, कोणी म्हणे सर्दी झाली असेल. त्या एका ‘बरं’चा कीस काढण्यात आमचा चहा गार होऊन जायचा. आणि सगळं झाल्यावर ती हळूच विचारायची, “मले सोडून तं नाही देणार नं?”

हा प्रश्न ऐकला की मला तिचा राग यायचा आणि तिला जवळही घ्यावंसं वाटायचं. एवढी गुणाची पोरगी, आणि हिची किंमत काय, तर त्या मास्तरांच्या ‘बरं’वर ठरणार!

* * *

कमलताईंचं घर मात्र उलटं. त्यांचे यजमान रोज सायकलनं डबा घेऊन यायचे आणि गेटजवळच्या कडुनिंबाखाली बसून राहायचे. येणारे-जाणारे फिदीफिदी हसायचे. विमलला राहवलं नाही. तिनं एकदा विचारलंच, “भाऊजी, लोक हसतात. तुम्हाले राग नाही येत?”

“काहून येईन? बायको माझी, डबा माझा. त्यायले कोणी डबा आणून देत नसन, म्हणून हसून राहिले बिचारे!”



* * *

आमच्या घरीसुद्धा बोर्ड यायचाच मागेमागे. आमचे हे एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सुरू झाले, ते माझ्या माहेरापर्यंत पोचले. मी पोळ्या लाटता लाटता शांतपणे म्हणाले, “लाईन बिझी आहे. थोड्या वेळानं प्रयत्न करा.”

आणि काय सांगू, ते उठून गेले आणि खरंच थोड्या वेळानं परत आले!

* * *

आता विमलची खरी गंमत ऐका. ट्रंक कॉलचा नियम असा, की तीन मिनिटं झाली की आम्ही मधे बोलायचं. पलीकडे कितीही मोठा साहेब असो! आणि हे काम विमलसारखं कोणालाच जमत नसे. न घाबरता, न चिडता, साखरेसारख्या आवाजात ती भल्याभल्यांना अडवायची, “आपली तीन मिनिटं झाली. बोलणं वाढवायचं, की लाईन कट करू?” बडे बडे लोक गपकन थांबायचे!

कमलताई एकदा म्हणाल्या, “अवं, इथं एवढी वाघीण, मंग घरी काहून गाय होते?”

“घरी माझ्या कानाले हेडफोन नसते नं ताई!”

* * *

तर, एका शनिवारी विमल रडतच आली. रामटेकला रविवारी घरात बैठक ठरली होती. सुनेनं नोकरी सोडावी, असं मोठ्या दिरांनी ठरवून टाकलं होतं. “मालती, नोकरी मले जीव की प्राण आहे. पण ‘नाही’ म्हटलं आणि यायनं मले सोडलं तं? तू चाल नं माझ्यासंगं!”

गेले. बस हलली तेव्हापासून रामटेक येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

ओसरीवर सगळे जमले होते. सासूबाई सुपारी कातरत होत्या. मास्तर कोपऱ्यात, नजर सतरंजीवर. मोठे दीर सुरू झाले. रात्रपाळी करते! परक्या माणसांशी बोलते! रंग हा असा! आमच्या भावाला काय मुलींची कमी होती? आणि शेवटी, “उद्यापासून नोकरी बंद! समजलं?”

आता हिच्या तोंडून ‘हो’ निघणार! विमलनं तोंड उघडलंही. मास्तरांकडे बघितलं. मास्तर सतरंजीकडेच बघत होते.

मग तिनं पदर सारखा केला आणि उजवा हात कानाशी नेला, हेडफोन नीट करतात ना, अगदी तसा.

“आपली तीन मिनिटं झाली,” ती म्हणाली. तोच आवाज! साखरेसारखा!

सुपारी कातरायची थांबली.

“का म्हणून राहिली वं हे?” दीर.

“बोलणं वाढवायचं, की लाईन कट करू?”

दीर लालबुंद झाले. मास्तरांकडे वळून कडाडले, “पाहून राहिला का गा हे? नवरा आहेस नं? सांग तिले! आताच्या आता सांग तिले!”

मास्तर उठले. धोतराचा सोगा झटकला. घसा खाकरला. आणि पहिल्यांदाच मान वर करून, सगळ्यांच्या देखत, बायकोकडे बघून म्हणाले,

“कट कर, विमल.”